साथीच्या काळातली साथ

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

मराठीत 'साथ' हा शब्द मोठा विचित्र आहे. पटकीची, प्लेगची, हिवतापाची येते ती साथ; आणि गवयाला तबलजी करतो तीही साथच. पहिली साथ आली की माणसे एकमेकांपासून दूर पळतात, दुसरी असली की जवळ येऊन बसतात. एड्सच्या इतिहासात हे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळून गेले आहेत. या रोगाच्या साथीत जगभरच्या गायक-वादकांपैकी काहींनी रोग्यांची आणि त्यांच्याबरोबर वाळीत पडलेल्या समलिंगी माणसांची साथ केली. काहींनी ती फार उशिरा केली, काहींनी उलटाच सूर लावला. ही हकिगत त्या सगळ्यांची आहे.

सुरुवात ५ जून १९८१ या दिवसापासून करू. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिक पत्रकात त्या दिवशी एक छोटीशी नोंद आली. लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांना एक दुर्मीळ न्यूमोनिया झाला होता. पाचही जण समलिंगी होते. पुढे वर्षभर काही डॉक्टर आणि वृत्तपत्रे या नव्या आजाराला समलिंगींचा आजार असेच म्हणत राहिली. १९८२च्या सप्टेंबरात एड्स हे नाव रूढ झाले, १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत विषाणू सापडला, तोवर हा रोग रक्त घेतलेल्यांना, सुईने नशा करणाऱ्यांना, स्त्रियांना आणि नवजात बालकांनाही होतो हे कळून चुकले होते. पण नाव पुसले तरी डाग जात नाही. इस्पितळात रोग्याच्या जेवणाचे ताट खोलीच्या दाराबाहेर ठेवून परिचारिका निघून जात. प्रेताला हात लावायला अंत्यसंस्कार करणारे तयार नसत. आणि ज्या मुलाने आपण समलिंगी आहोत हे घरी कधी सांगितले नव्हते, त्याला ते आणि आपण मरणार आहोत हे, अशा दोन्ही गोष्टी एकाच दिवशी आईबापांना सांगाव्या लागत. पुष्कळांनी त्या सांगितल्याच नाहीत.

सरकारचे काय? अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी जाहीरपणे या रोगाचे नाव घेतले ते १९८५च्या सप्टेंबरात, तेही पत्रकाराने विचारले म्हणून. या विषयावरचे त्यांचे पहिले सविस्तर भाषण ३१ मे १९८७ रोजी झाले. तोवर अमेरिकेत वीस हजारांवर माणसे मेली होती.

या शांततेत पहिले मोठे गाणे आले १९८५च्या अखेरीस. खरे तर ते गाणे जुनेच होते. बर्ट बकारॅक आणि कॅरोल बेयर सेगर या जोडीने ते १९८२ मध्ये एका चित्रपटासाठी केले होते, रॉड स्ट्यूअर्टने गायले होते, आणि कोणाच्या फारसे लक्षातही राहिले नव्हते. डिऑन वॉरविकने ते पुन्हा हाती घेतले. सोबत एल्टन जॉन, ग्लॅडिस नाइट आणि स्टीव्ही वंडर. मित्र कशासाठी असतात, एवढाच त्याचा आशय. मिळणारे पैसे एड्सच्या संशोधनासाठी नुकत्याच निघालेल्या 'अ‍ॅम्फार' या संस्थेला द्यायचे ठरले. १९८६च्या जानेवारीपासून ते चार आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर राहिले आणि त्यातून तीस लाख डॉलरच्या वर रक्कम उभी राहिली.

गंमत म्हणजे या गाण्यात एड्सचा उल्लेख एकदाही नाही. ना रोग, ना मरण, ना समलिंगी. काही जण याला भित्रेपणा म्हणतात. मला तसे वाटत नाही. रोगाचे नाव असते तर निम्म्या रेडिओ केंद्रांनी ते लावलेच नसते. नाव नसल्यामुळे ते स्वयंपाकघरात वाजले, मोटारीत वाजले, लग्नाच्या मेजवानीत वाजले. आणि ते कशासाठी आहे हे वर्तमानपत्रात वाचून ठाऊक झालेले असल्यामुळे ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ आपोआप लागत गेला. ज्या रोग्याला मित्र उरले नव्हते, त्याच्या खोलीतही ते वाजले असेल.

सॅन फ्रान्सिस्कोतले एक गायकवृंद मात्र याआधीपासून गात होते, आणि त्यांना आडपडदा परवडण्यासारखा नव्हता. जॉन सिम्स नावाच्या संगीतकाराने १९७८ मध्ये फक्त समलिंगी पुरुषांचा एक गायकवृंद सुरू केला. नाव स्पष्ट: सॅन फ्रान्सिस्को गे मेन्स कोरस. तालमी नुकत्या सुरू झाल्या होत्या, तोच २७ नोव्हेंबर १९७८ रोजी शहराचे महापौर जॉर्ज मॉस्कोनी आणि उघडपणे समलिंगी म्हणून निवडून आलेले नगरसेवक हार्वी मिल्क यांचा पालिकेच्या इमारतीतच गोळ्या घालून खून झाला. त्या रात्री हजारो लोक मेणबत्त्या घेऊन इमारतीसमोर जमले. या नवख्या गायकांनी तिथल्या पायऱ्यांवर उभे राहून मेंडेल्सनची एक प्रार्थना म्हटली. हा त्यांचा पहिला जाहीर कार्यक्रम. तीन वर्षांनी साथ आली. स्वतः सिम्स १९८४ मध्ये एड्सने गेले. नंतर अंत्यविधीत गाणे हेच वृंदाचे एक नेहमीचे काम होऊन बसले.

१९९३ मध्ये काढलेले त्यांचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. शंभराहून अधिक पुरुष रंगमंचावर उभे आहेत. त्यातले फक्त सात जण पांढऱ्या कपड्यांत, आपल्याकडे तोंड करून. बाकीचे एकशे पंधरा काळ्या पोशाखात, पाठमोरे. पांढरे कपडेवाले म्हणजे मूळ वृंदातले हयात असलेले. पाठमोरे उभे आहेत ते मेलेल्यांच्या जागी. मी ते छायाचित्र पहिल्यांदा पाहिले तेव्हा माझ्या मनात आले की आपल्या भजनी मंडळातली एवढी माणसे गेली असती तर उरलेल्यांनी टाळ हातात घेतला असता का?

आता इंग्लंड. आणि इंग्लंडला जाण्यासाठी आपल्याला आधी पाचगणीला जावे लागेल.

पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत १९५५ साली झांझिबारहून आठ वर्षांचा एक पारशी मुलगा बोटीने येऊन दाखल झाला. नाव फारोख बल्सारा. वडील बोमी बल्सारा झांझिबारमध्ये ब्रिटिश सरकारच्या नोकरीत रोखपाल होते. घराण्याचे मूळ गुजरातेतले बल्सार, म्हणजे आजचे वलसाड, त्यावरून आडनाव. शाळेतली मुले त्याला फ्रेडी म्हणू लागली. तो पियानो शिकला, आणि १९५८ मध्ये शाळेतल्या चार मित्रांबरोबर त्याने 'द हेक्टिक्स' नावाचा एक बँड काढला. सह्याद्रीच्या पठारावर, टेबललँडच्या वाऱ्यात, इंग्रजी रॉक-अँड-रोल वाजवणारी ही पाच पोरे. १९६४च्या झांझिबारमधल्या उठावानंतर कुटुंब इंग्लंडला गेले. १९७० मध्ये 'क्वीन' हा बँड उभा राहिला, फ्रेडीने मर्क्युरी हे आडनाव घेतले, आणि पुढचे सांगायला नको.

आपल्याकडे त्याच्या पारशी असण्याचा, पाचगणीत शिकल्याचा अभिमान हल्ली बराच मिरवला जातो. ठीक आहे. पण त्याच्या आयुष्याचा जो भाग मिरवण्यासारखा वाटत नाही, तोच आजच्या विषयाचा भाग आहे. फ्रेडीचे स्त्रियांशीही संबंध होते आणि पुरुषांशीही. याविषयी त्याने कधी उघड निवेदन केले नाही, रंगमंचावर मात्र काही लपवलेही नाही. १९८७ मध्ये त्याला एड्स असल्याचे निदान झाले. बँडमधल्या तिघांना त्याने पुढे ते सांगितले आणि कोणाजवळही बोलायचे नाही असे बजावले. ते बोलले नाहीत. चार वर्षे वार्ताहर विचारत राहिले, हे तिघे नाही म्हणत राहिले.

तो काळ इंग्लंडात कसा होता? समलिंगी संबंध १९६७ पासून तिथे गुन्हा नव्हते. पण १९८७च्या सुरुवातीला सरकारने घरोघर पाठवलेल्या पत्रकांबरोबर भीतीही घरोघर पोचली; दूरचित्रवाणीवरच्या जाहिरातीत काळ्या दगडावर एड्स हे अक्षर कोरलेले दिसे. मे १९८८ मध्ये कलम २८ अमलात आले: स्थानिक संस्थांनी समलैंगिकतेचा पुरस्कार करायचा नाही. शाळेतला शिक्षक एखाद्या गोंधळलेल्या मुलाशी दोन शब्द बोलायलाही घाबरू लागला. हे कलम इंग्लंडमधून जायला २००३ उजाडले. या कलमाविरुद्ध बॉय जॉर्जने गाणे काढले. पेट शॉप बॉइज लंडनच्या निषेध-कार्यक्रमात गायले. त्याआधी, १९८४च्या डिसेंबरात, संपावरच्या खाणकामगारांसाठी लंडनच्या समलिंगी कार्यकर्त्यांनी एक मैफल भरवली होती. तीत 'ब्रॉन्स्की बीट' हा बँड वाजला. त्याचा गायक जिमी सॉमरव्हिल उघडपणे समलिंगी होता. गंमत बघा, साथ मागणारेच आधी दुसऱ्यांच्या साथीला गेले होते. आणि वेल्समधले खाणकामगार ते विसरले नाहीत. १९८५ मध्ये लंडनच्या समलिंगी मोर्चात ते आपले झेंडे घेऊन चालले.

२३ नोव्हेंबर १९९१. फ्रेडीच्या वतीने एक निवेदन निघाले. मला एड्स आहे. माझ्या भोवतालच्या माणसांना त्रास होऊ नये म्हणून आजवर गुप्तता पाळली. आता सर्वांनी या रोगाविरुद्धच्या लढ्यात सामील व्हावे, असा त्याचा मतितार्थ. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो गेला. वय पंचेचाळीस. लंडनमध्ये पारशी धर्मगुरूंनी अवेस्तातल्या प्रार्थना म्हणून त्याचे अंत्यविधी केले आणि मग दहन झाले. दोखम्यापासून फार दूर.

तो गेल्यानंतरच्या नाताळात एल्टन जॉनच्या हाती एक भेट आली. उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेले हेन्री स्कॉट ट्यूक या चित्रकाराचे एक चित्र. फ्रेडीने मरणाच्या दारात असताना मित्रासाठी आठवणीने ते निवडून ठेवले होते. एल्टनने पुढे लिहिले आहे की ऐंशीच्या दशकात माझे मित्र पटापट मरत होते आणि मी नशेत बुडून काहीच केले नाही. रक्तस्रावाच्या आजारामुळे घेतलेल्या औषधातून एचआयव्ही झालेला, शाळेने बाहेर ठेवलेला रायन व्हाइट नावाचा अमेरिकन मुलगा एप्रिल १९९० मध्ये वारला, तेव्हा एल्टन त्याच्या अंत्यविधीत गायला, आणि त्याच वर्षी त्याने नशा सोडली. १९९२ मध्ये त्याने एड्ससाठी स्वतःची संस्था काढली. तिने आजवर कोट्यवधी डॉलर उभे केले आहेत. डिऑन वॉरविकबरोबर तो १९८५ मध्येच गायला होता, तरी आपण उशीर केला असे तो म्हणतो.

फ्रेडीच्या निधनानंतर 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' पुन्हा काढण्यात आले आणि नाताळात पहिल्या क्रमांकावर गेले. त्यातून दहा लाख पौंडांहून अधिक रक्कम टेरेन्स हिगिन्स ट्रस्टला मिळाली. हा हिगिन्स कोण? ब्रिटनमध्ये एड्सने दगावलेल्या पहिल्या काहींपैकी एक, १९८२ साली गेलेला. त्याच्या जोडीदाराने आणि मित्रांनी त्याच्या नावाने ही संस्था काढली होती.

आणि मग २० एप्रिल १९९२, वेम्बली स्टेडियम. फ्रेडीच्या स्मरणार्थ मैफल. कोण गाणार हे जाहीर होण्याआधीच बहात्तर हजार तिकिटे काही तासांत संपली. मेटालिका, डेव्हिड बोवी, अ‍ॅनी लेनॉक्स, रॉबर्ट प्लँट, लायझा मिनेली, सगळे आले. बोवी गाणे संपवून एकाएकी गुडघ्यांवर बसला आणि त्याने बायबलमधली प्रार्थना म्हटली. एलिझाबेथ टेलर बोलायला उभी राहिली तेव्हा प्रेक्षकांतून थोडी हुर्यो झाली. ती डगमगली नाही. आज इथे जेवढी माणसे आहेत तेवढ्यांना येत्या दोन आठवड्यांत हा रोग होणार आहे, असे तिने रॉक ऐकायला आलेल्या त्या पोरांना सांगितले. स्वतःला जपा, निरोध वापरा, हेही सांगितले. स्टेडियमभर माणसे बघताना त्या आकड्याला चेहरे आले असतील. आकडेवारी समजावण्याची यापेक्षा चांगली रीत मला माहीत नाही.

जॉर्ज मायकेल त्या दिवशी जे गायला ते आजही लोक पुन्हा पुन्हा ऐकतात. त्या गाण्यात इतकी आर्तता कुठून आली हे तेव्हा कोणाला कळले नाही. त्याचा ब्राझीलमधला जोडीदार याच आजाराच्या विळख्यात होता, आणि जॉर्ज मायकेल त्याविषयी कोणाशीच बोलू शकत नव्हता. जोडीदार पुढच्या वर्षी गेला. आपण समलिंगी आहोत हे मायकेलने जाहीरपणे सांगितले ते १९९८ मध्ये. म्हणजे त्या मैफलीत जगाला बोलायला सांगणारा एक गायक स्वतः गप्प होता. त्याला दोष देणे सोपे आहे. पण बहात्तर हजार लोकांसमोर उभ्या असलेल्या माणसालाही जे सांगता येत नव्हते, ते साताऱ्याच्या किंवा लातूरच्या एखाद्या मुलाला घरात कसे सांगता येणार?

या मैफलीला एक कडवट बाजूही आहे. 'गन्स अँड रोझेस' या बँडला बोलावण्यावरून एड्स कार्यकर्त्यांनी मोठा निषेध केला. या बँडच्या १९८८ मधल्या एका गाण्यात समलिंगींना, कृष्णवर्णीयांना आणि परदेशातून आलेल्यांना शिव्या होत्या, आणि ते लिहिणारा अ‍ॅक्सल रोझ आता फ्रेडीच्या स्मृतीला गाणार! तो आला, आणि 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'चा शेवट त्याने एल्टन जॉनच्या बरोबरीने गायला. कार्यकर्त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. पण बोलावणाऱ्यांचेही पूर्ण चुकले असे नाही. अ‍ॅक्सल रोझची गाणी ऐकणारी लाखो पोरे एरवी एल्टन जॉनच्या वाटेलाही गेली नसती.

संगीत म्हणजे प्रेम, कलावंत म्हणजे उदार मनाचे, असा आपला एक समज असतो. त्याच १९९२ साली जमैकात बुजू बँटन या तरुण गायकाची एक रेकॉर्ड गाजली, तिच्यात समलिंगींना गोळ्या घालण्याची भाषा होती. लोक त्यावर नाचत. तिच्याविरुद्ध पुढे अनेक वर्षे आंदोलने झाली, युरोप-अमेरिकेत त्याचे आणि अशाच इतर गायकांचे कार्यक्रम रद्द झाले. २००४ मध्ये जमैकातला समलिंगी हक्कांचा एक आघाडीचा कार्यकर्ता ब्रायन विल्यमसन याचा किंग्स्टनमध्ये राहत्या घरी खून झाला. बँटनने ते गाणे स्वतःहून मागे घेतले ते २०१९ मध्ये, सत्तावीस वर्षांनी. ढोलकी कोणाच्याही हातात वाजते.

आपल्या देशात काय चालले होते? गोव्यात १४ फेब्रुवारी १९८९ रोजी डॉमिनिक डिसोझा या तरुणाला पोलिसांनी नेले. गुन्हा काही नव्हता. तो नियमित रक्तदान करायचा, त्या रक्तात एचआयव्ही आढळला होता. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली त्याला म्हापशाच्या क्षयरोग रुग्णालयात चौसष्ट दिवस एकटे कोंडून ठेवले. आई लुसी डिसोझा मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठापुढे गेली. डॉमिनिक सुटला, पण रोग्याला वेगळे ठेवण्याचा सरकारचा अधिकार त्या निकालात कायमच राहिला. पुढे त्याने 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली आणि १९९२च्या मे महिन्यात, वेम्बलीच्या मैफलीनंतर महिन्याभराने, तो वारला. २००५ मधला 'माय ब्रदर निखिल' हा हिंदी चित्रपट त्याच्या आयुष्यावरून सुचलेला आहे.

समलिंगी संबंध आपल्याकडे १८६०च्या दंडसंहितेच्या ३७७व्या कलमाखाली गुन्हा होते, आणि ते कलम इंग्रजांनीच दिलेले. त्याविरुद्धचा न्यायालयीन लढा एड्सच्याच वाटेने सुरू झाला हे फार जणांना ठाऊक नसते. १९९४ मध्ये तिहारच्या कैद्यांना निरोध द्यायला तुरुंग प्रशासनाने नकार दिला, तेव्हा पहिली याचिका झाली. २००१ मध्ये नाझ फाउंडेशन न्यायालयात गेले, तेही एड्सचे काम करणारी संस्था म्हणून. ज्या माणसाला पोलिसांची भीती आहे तो आमच्या दवाखान्यात येईल कसा, असा त्यांचा साधा प्रश्न होता. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये होकार दिला, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो फिरवला आणि शेवटी ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे संबंध गुन्ह्याबाहेर काढले. आपल्याकडेही एड्सवर पोवाडे झाले, भारुडे झाली, कलापथके गावोगाव फिरली. चांगले काम केले त्यांनी. पण रोग झालेला माणूसच उभा राहून गातो आहे, असे क्वचितच झाले.

ते झाले आफ्रिकेत. तिथे हा रोग प्रामुख्याने स्त्री-पुरुष संबंधांतून पसरला होता, त्यामुळे शरमेचा रंग वेगळा होता. शरम मात्र तेवढीच. झैरेचा, म्हणजे आजच्या काँगोचा, सर्वांत मोठा गायक फ्रँको लुआम्बो याला १९७८ मध्ये अश्लील गाण्यांबद्दल तुरुंगात टाकले होते. त्याच फ्रँकोने १९८७ मध्ये एड्सपासून सावध करणारे पंधरा मिनिटांहून मोठे गाणे काढले. विद्यार्थी, शिक्षक, डॉक्टर, धर्मगुरू, एकेकाला हाक मारून तो सांगतो, रोग्याला टाकू नका. फ्रँको ऑक्टोबर १९८९ मध्ये वारला. त्यालाही एड्सच होता अशी कुजबुज झाली. त्याने स्वतः ते कधीच मान्य केले नाही. नायजेरियाचा फेला कुटी असल्या रोगावर विश्वासच ठेवत नसे. १९९७ मध्ये तो गेला, तेव्हा देशाचे माजी आरोग्यमंत्री असलेल्या त्याच्या भावाने, ओलिकोये रान्सम-कुटी यांनी, दुसऱ्याच दिवशी पत्रकारांना बोलावून सांगितले की फेला एड्सने गेला. घराण्याच्या अब्रूपेक्षा त्या डॉक्टरला ऐकणाऱ्यांचे प्राण मोठे वाटले.

पण या सगळ्यांच्या आधी फिली बोंगोले लुटाया.

युगांडात १९८० च्या दशकात व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या राकाई भागात माणसे झिजून मरू लागली. लोकांनी त्या रोगाला 'स्लिम' असे नाव ठेवले. १९८६ मध्ये मुसेवेनींचे सरकार आले आणि त्याने एड्सविषयी बोलायला सुरुवात केली. रेडिओवर ढोल वाजे आणि मग रोगाची सूचना येई. एकनिष्ठ राहा हे सांगायला घोषणा होती 'झिरो ग्रेझिंग', म्हणजे गाय खुंट्याला बांधून चारायची, दुसऱ्याच्या रानात सोडायची नाही. शेतकऱ्याला लगेच कळणारी भाषा. १९८७ मध्ये नोएरीन कलीबा यांनी आपला नवरा गेल्यावर 'टासो' ही रोग्यांना आधार देणारी संस्था काढली. तरीही रोगी कोणाला दिसत नव्हता. सरकार बोलत होते, ढोल बोलत होता, रोगी गप्प.

लुटाया हा लोकप्रिय गायक तेव्हा स्वीडनमध्ये राहत होता. एप्रिल १९८९ मध्ये, डॉमिनिक म्हापशाला कोंडलेला असतानाच्या दिवसांत, लुटायाने कम्पालात येऊन जाहीर केले, मला एड्स आहे. एवढ्या नावाजलेल्या माणसाने असे सांगण्याची देशातली ही पहिलीच वेळ. लोकांनी काय केले? पुष्कळांनी विश्वासच ठेवला नाही. हा धडधाकट दिसतो, रेकॉर्ड खपवायला नाटक करतो आहे, कोणीतरी पैसे दिले असतील, असे बोलले गेले. खोटे ठरवणे हाही रोग नाकारण्याचाच एक मार्ग. लुटायाने स्वीडनमध्ये 'अलोन अँड फ्रायटन्ड' ही रेकॉर्ड केली, एकटा आणि घाबरलेला, आणि तो देशभर शाळांतून, चर्चमधून फिरू लागला. गायचा, मग बोलायचा. महिन्यामहिन्याला लोकांसमोर तो वाळत गेला. संशय घेणाऱ्यांना त्याने दिलेले उत्तर म्हणजे त्याचे शरीर. एका माहितीपटाचे पथक त्याच्याबरोबर फिरत होते, त्यामुळे हे सगळे चित्रित झाले आहे. १५ डिसेंबर १९८९ रोजी तो वारला. वय अडतीस.

फ्रेडीने एक दिवस आधी सांगितले, लुटायाने आठ महिने आधी, अशी तुलना काही जण करतात आणि फ्रेडीला कमी लेखतात. ही तुलना सरळ नाही. लुटायाला रोग सांगायचा होता. फ्रेडीला रोग सांगताना आपण कोणावर प्रेम करतो हेही सांगावे लागले असते, तेही फाटकाबाहेर कॅमेरे घेऊन बसलेल्यांना. एका माणसाच्या डोक्यावर एक ओझे होते, दुसऱ्याच्या दोन.

युगांडात नव्वदच्या दशकाच्या आरंभी प्रौढांमधले एचआयव्हीचे प्रमाण अंदाजे पंधरा टक्क्यांच्या वर गेले होते. नवे शतक उजाडेपर्यंत ते त्याच्या निम्म्याखाली आले. याचे श्रेय एका गाण्याला देणे हा भाबडेपणा होईल. सरकारचा प्रचार होता, 'टासो'सारख्या संस्था होत्या, आणि आकडा उतरण्याचे एक कारण असेही की लागण झालेले पुष्कळ जण मेले. तरी त्या काळात काम केलेले युगांडाचे लोक लुटायाचे नाव घेतल्याशिवाय ही गोष्ट सांगत नाहीत.

वेम्बलीतून जमलेल्या पैशांतून 'मर्क्युरी फीनिक्स ट्रस्ट' निघाला. फ्रेडीचे सहकारी ब्रायन मे आणि रॉजर टेलर पुढे नेल्सन मंडेलांच्या मोहिमेतही होते. २९ नोव्हेंबर २००३ रोजी केपटाऊनला एड्ससाठी मोठी मैफल झाली, तिचे नाव ४६६६४, मंडेलांचा तुरुंगातला क्रमांक. तेरा महिन्यांनी मंडेलांचा मुलगा वारला, तेव्हा म्हाताऱ्या बापाने स्वतः वार्ताहरांसमोर येऊन एड्सने गेला असे सांगितले. त्याच मोहिमेतून अ‍ॅनी लेनॉक्स 'एचआयव्ही पॉझिटिव्ह' असे लिहिलेला टी-शर्ट घालून रंगमंचावर येऊ लागली. तिला लागण झालेली नव्हती.

आणि ज्या युगांडाने बोलून रोगाला मागे रेटले, त्याच युगांडाने समलिंगींविरुद्ध इंग्रजांच्या वेळचे कलम ठेवले, वर २०१४ मध्ये कडक कायदा केला. तो न्यायालयाने तांत्रिक कारणाने रद्द केला, तर २०२३ मध्ये आणखी कडक आणला. काही प्रकरणांत त्यात फाशीचीही तरतूद आहे. २०२४च्या एप्रिलमध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने त्याचा मोठा भाग कायम ठेवला. एचआयव्हीच्या दवाखान्यांत यायला माणसे कचरू लागली, असे तिथल्या आरोग्यसेवकांनी सांगितले. नाझ फाउंडेशनने २००१ मध्ये विचारलेला प्रश्नच तो.

लुटायाने आजारी पडण्याआधी नाताळची काही गाणी लुगांडा भाषेत केली होती. दर डिसेंबरात ती युगांडाच्या रेडिओवर, दुकानांत, बसगाड्यांत अजून वाजतात, आणि मुले ती गात गात मोठी होतात. पंधरा तारखेलाही वाजत असतात.